कवडी काही उठेना

पौष लागायच्या आत घरात भिंत उभी राहिली पाहिजे, असं दिवाळीतच ठरलं होतं. विटा येऊन पडल्या, वाळू आली, बंकट गवंडी दोनदा येऊन नुसता चहा पिऊन परत गेला, आणि तरी भिंतीचा पत्ता नव्हता. कारण भिंत जिथून निघायची, नेमक्या त्या कोपऱ्यात छबुबाईंची ठिपक्यांची कवडी कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती.

कोपरा मधल्या खोलीतला, चुलीच्या पाठभिंतीचा. थंडीच्या दिवसांत अख्ख्या घरात तेवढी एकच जागा उबदार. पलीकडं चूल पेटली की इकडं भिंत शेकून निघायची, म्हणून हिवाळ्यात कोंबडी बसवायची तर छबुबाई डालगं, म्हणजे कोंबडीची बांबूची टोपली, तिथंच मांडायच्या. तळाला राख, वर तुरीचं भुसकट, त्यावर अंडी, आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची फुली. मध्येच दुसऱ्या एखाद्या कोंबडीनं येऊन अंडं घातलं तर ते ओळखू यावं, म्हणून ही फुली. भिंत आखताना या डालग्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. अर्जुनरावांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली ती थेट डालग्याखालून गेली.

रेघ ओढण्यात अर्जुनरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सरपंचकी गेली तरी वाटणीला पंच म्हणून लोक त्यांनाच न्यायचे. दिवाळीच्या फराळावरून सत्यशीला आणि प्रियदर्शनी या दोन सुनांचं जे वाजलं ते मिटायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घराचीही वाटणी तशीच करून टाकली, परक्याच्या घराची करावी तशी. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या. रस्त्याकडची बाजू शेती बघणाऱ्या हनुमानला दिली आणि परसाकडची बीडला क्लासमध्ये शिकवणाऱ्या शिवशंकरला. आणि शेवटी त्याच आवाजात म्हणाले, "मी थोरल्याकडं ऱ्हाईन, म्होरच्या खोलीत मानसं येत्यात-जात्यात. ही धाकट्याकडं ऱ्हाईल, त्याचं लेकरू ल्हान हाय."

म्हणताना त्यांनी छबुबाईंकडं बघितलंसुद्धा नाही. छबुबाई तेव्हा "बरं" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार, समोर चार माणसं बसलेली. पण त्या दिवसापासून ते त्यांच्या काळजात सलत होतं. लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या ताटात पहिली भाकरी त्यांनी वाढली होती, आणि आता भिंत उभी राहिली की त्यांनी काय खाल्लं हे सुद्धा दुसऱ्याला विचारावं लागणार होतं. बैलजोडीसुद्धा अर्जुनरावांनी फोडली नव्हती. बैल जोडीनं हनुमानकडं गेले.

छबुबाईंनी अट घातली ती एवढीच की कोंबडी उठेपर्यंत कोपऱ्याला हात लावायचा नाही. "ह्या थंडीत डालगं हालवलं तर ती अंडी टाकून उठंल. जिवं हायत आत." हे निमित्त नव्हतं. बसलेली कोंबडी त्यांनी जन्मात कधी उठवली नव्हती. आणि मनातून त्यांना वाटत होतं, पिल्लं निघूद्यात, एकदाची भिंत होऊद्या, हे रोजचं झुरणं तरी संपेल.

पण पिल्लं निघेनात. दिवस भरून आठवडा उलटून गेला. आज सकाळी बंकट दोरी आणि ओळंबा घेऊन तिसऱ्यांदा दारात बसला होता. दुपारी छबुबाईंचा भाऊ आप्पाराव दुसरा पंच म्हणून येणार होता, आणि परवा पौष लागत होता. आज काम निघालं नाही तर ते संक्रांतीपलीकडं गेलं म्हणून समजायचं.

छबुबाईंनी शेवटचा उपाय केला. घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कवडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं आणि पाण्यात सोडलं. आत जीव असला की अंडं पाण्यात हलतं, डुचमळतं. हे हललं नाही. दुसरं सोडलं, तेही निपचित. मग त्यांनी चष्मा पुसला आणि अंडं उजेडात धरलं. फुली त्यांची नव्हती.

त्यांची फुली म्हणजे घाईचं काम, एक पाय लांब, एक आखूड. ही फुली सरळ होती, चारी पाय सारखे. अंडंही जरा थोराड, तांबूस, गुळगुळीत. त्यांनी एकेक करून सगळी बघितली. सगळीच तशी. आपली अंडी गेली कुठं आणि ही आली कुठून, काही समजेना. अंडी वाढत नसतात आणि फुल्या आपोआप सुधारत नसतात, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. बाकी सगळाच गोंधळ होता.

"सत्यशीले," त्यांनी हाक मारली. मग जरा थांबून, "प्रियदर्शनी, तू बी ये."

दोघी आल्या, एकमेकींकडं न बघता दोन दारांतून. दिवाळीपासून त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं. मीठ हवं असलं तरी ते सासूमार्फत मागायचं.

"माजी अंडी कुनी बदलली?" छबुबाईंनी सरळच विचारलं.

"बदलली म्हंजी?" सत्यशीला म्हणाली. "मी कावून बदलू? मला तर भित आजच पायजे. तुमची कोंबडी उठंना म्हनून माज्या मेल्या जिवाला घोर."

"आत्याबाई, मी कोंबडीला हात लावत नाही, तुम्हाला माहितीय," प्रियदर्शनी म्हणाली. "एकदा टोचली होती मला."

"मग कुनी केलं? घरात तुमीच दोघी. मी कापसाला जाते, लेकं रानात नाहीतर बीडला. एकीनं अंडी खाल्ली आसतील आन् दुसरी ठेवली आसतील, सांगून टाका."

म्हणायला नको होतं. म्हणून गेल्यावर छबुबाईंना ते कळलं, पण तोवर उशीर झाला होता. सत्यशीलानं आधी सासूकडं बघितलं आणि मग, दिवाळीनंतर पहिल्यांदा, जावेकडं.

"ऐकलंस का गं? आपून दोघी अंडीचोर."

"ऐकलं ना ताई. मी यांच्या पगारातून अंडी आणू शकते, चोरून कशाला खाऊ?"

"त्येच म्हनते मी. आत्याबाई, आमचं दोघींचं कायबी आसूद्या, पन आसला आळ आमी ऐकून घेनार न्हाई."

आणि दोघी एकाच दारातून बाहेर गेल्या. छबुबाई घमेल्याजवळ बसूनच राहिल्या. ज्यांचं पटत नाही म्हणून घर फुटायला निघालं होतं, त्या दोघी आता ओट्यावर मिळून त्यांच्याबद्दल कुजबुजत होत्या. याचा आनंद मानावा की रडावं, हेही त्यांना कळेना. त्यांनी अंडी पुसली आणि परत कवडीखाली सारली, कारण दुसरं करण्यासारखं काही सुचत नव्हतं. कवडीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि अंग फुगवून पुन्हा पसरून बसली. तिची हाडं हाताला लागत होती.

दुपारी शिवशंकरच्या मोटारसायकलवर मागं बसून आप्पाराव आला. शिवशंकर बीडहून एसटीनं दिंद्रुडला उतरला होता. तिथं मित्राकडं ठेवलेली गाडी त्यानं काढली आणि मामालाही तिथूनच उचललं. आप्पाराव आल्याआल्या पाणी प्यायला, पण चहाला नको म्हणाला. भावानं चहाला नको म्हणणं हे छबुबाईंना पहिल्यांदाच दिसलं.

अंगणात उन्हाला सगळे बसले. हनुमान रानातून आला होता. अर्जुनराव बाजेवर, नेहमीसारखे ताठ. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. बाभळीचा काटा लागला म्हणून छबुबाईंनीच दहा-बारा दिवसांपूर्वी पहिल्यांदा हळद भरून बांधून दिली होती, आणि ते अजून भरलं नव्हतं. जखम एक नव्हती, पाच-सहा होत्या, आणि काटा एवढ्या ठिकाणी कसा लागला हे त्यांनी विचारलंही होतं. अर्जुनराव म्हणाले होते, "बाभूळ हाय, गुलाब न्हाई."

"दाजी," आप्पारावनं सुरुवात केली, "भितीचं मागून बोलू. आधी एक इचारतो, राग धरू नगा. गळ्यातली माळ हाय का काढली?"

सगळ्यांचे डोळे अर्जुनरावांच्या गळ्याकडं गेले. तुळशीची माळ जागेवर होती. नारायणगडावर जाऊन घातलेली माळ, तेव्हापासून त्यांच्या ताटात कधी वशाट आलं नव्हतं. कवडीची अंडी भाजली तर त्या दिवशी त्या तव्याला ते शिवत नसत.

"हाय की," अर्जुनराव म्हणाले. "कावून?"

"दिंद्रुडला प्रविण दुकानदार आपला वळखीचा. त्यो म्हनला, तुमचे दाजी येऊन अंडी घिऊन गेले. उपरण्यात बांधून. मी म्हनलं, बे, तू दुसऱ्या कुनाला बगितलं आसशील. तर म्हनला, न्हाई, माजी सरपंचच. आन् पांढरी नको म्हनले, तांबडी दे म्हनले."

बंकट गवंडी दोरीचा गुंडा सोडवण्यात फार गुंतल्यासारखा झाला.

"घेतली का आण्णा?" हनुमाननं विचारलं.

"घेतली," अर्जुनराव म्हणाले.

छबुबाईंच्या डोक्यात आता पुरता कालवा झाला. माळकरी माणूस अंडी घेतो. घरात अंडी बदलतात. दोन्हींचा संबंध असावा असं वाटत होतं, पण कोणता ते जुळेना. अंडी खायचीच होती तर घरात होती की डालगंभर. आणि खाऊन त्या जागी दुसरी आणून ठेवायची, हा कसला खुळेपणा? की यांना काही आजार झालाय, डॉक्टरनं गुपचूप सांगितलंय अंडी खा म्हणून? माणूस आजारी आहे, आणि भिंतीपलीकडं जाणार आहे.

सत्यशीलाचं डोकं वेगळ्याच दिशेनं धावलं. "आमच्याकडं तर कुनी अंडं शिजवलं न्हाई," ती म्हणाली. "गॅस परसाकडंच हाय. आमलेटचा वास तिकडनंच येतो कवाकवा."

"ताई, सकाळी तुम्हीच म्हणालात आळ ऐकून घेणार नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "आता माझ्यावर का?"

"मी कुठं नाव घेतलं?"

"नावच राहिलं होतं फक्त."

सकाळी झालेला तह दुपारपर्यंतही टिकला नाही. हनुमान शिवशंकरकडं वळला. "शिवा, तू आण्णाला खायला घातली का रं? खरं सांग. तुला वाटलं आसंल आण्णा तुज्याकडं यावं. मग म्होरली खोली बी तुलाच."

"काय बोलायलास दादा? आण्णा तुझ्या वाटणीला आलेत. मला आई दिली, मी आईला नको म्हणालो का? मी उलट—" शिवशंकर थांबला.

"उलट काय?"

"काही नाही."

वाटणीला आलेत, दिली, नको म्हणालो का. छबुबाईंना वाटलं, आपण इथं बसलोय हे लेक विसरलेत की काय. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. अर्जुनराव पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढत होते आणि परत पुसत होते. त्यांचा हा अवतार छबुबाईंनी कधी बघितला नव्हता. दुसऱ्यांच्या भांडणात हा माणूस दोन वाक्यांत सगळ्यांना गप्प करायचा. आज स्वतःच्या तोंडाला कुलूप.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "बोला की कायतरी. बरं न्हाई का तुमाला?"

"मला काय धाड भरली," अर्जुनराव म्हणाले. ते पुढंही काही बोलले असते कदाचित, पण तेवढ्यात फाटकातून मंजुळाबाई आली.

मंजुळाबाई कालव्याच्या कडेला एकटीच राहायची आणि कापूस वेचायला छबुबाईंच्या रानात यायची, पण दुसरीकडं वेचणी लागल्यानं पंधरा दिवस ती फिरकली नव्हती. आज तिनं दोन्ही हातांनी पदराची झोळी पोटाशी धरली होती आणि झोळीतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. एवढी माणसं बसलेली बघून ती बिचकली, पण घाईतच होती.

"बाई, तुमची कवडी अजून बसलीय ना?" ती थेट छबुबाईंकडं आली. "देवानं खैर केली. माजी कोंबडी काल मुंगसानं न्हेली. पिल्लं रातभर चुलीम्होरं ठेवली, पन आईबिगर ह्या थंडीत कशी जगत्याल? दोन गारठून मेली बी. म्हनलं तुमचीच हायत, तुमच्याच कोंबडीखाली घालावी."

"आमची?" छबुबाई म्हणाल्या.

"मंग कुनाची? मालकांनी आनून दिली व्हती ना अंडी, उपरण्यात गुंडाळून. तुमीच धाडली म्हनले. कोंबडीचा नेम न्हाई, उठंल-बिठंल, तुज्या कोंबडीखाली ठेव म्हनले, निम्मी तुला, निम्मी आमाला. ऊन ऊन आनली व्हती बगा अंडी, जिव्हाळ्यानं. आठ दिस झाले नसतील फुटून." मंजुळाबाईनं झोळी जरा उघडली. आत पिवळी, काळी, कवडी पिल्लं एकमेकांत घुसून कुडकुडत होती. "का वो बाई, तुमी धाडली न्हवती?"

अंगणातली सगळी तोंडं छबुबाईंकडं वळली. अर्जुनरावांनी मात्र मान खाली घातली होती, आणि फडकं गुंडाळलेला हात दुसऱ्या हाताखाली दडवला होता.

आता छबुबाईंना जुळलं. बाभळीला पाच-सहा ठिकाणी टोचायची गरज नसते, कोंबडीला असते. हा माणूस, ज्यानं जन्मात कोंबडीला हात लावला नाही, तिच्या चोची खात तिच्या पोटाखालची अंडी काढत होता. ती फोडावीत किंवा फेकावीत असं त्याला वाटलं नाही. ऊब जायच्या आत ती कालव्यापर्यंत पोचवली, आणि दिंद्रुडला जाऊन, गळ्यात माळ घालून, चारचौघांत अंडी विकत घेतली. घरी आणून त्यावर कोळशानं फुल्या मारल्या. पंचाच्या सवयीनं सरळ मारल्या. आणि हे सगळं कशासाठी, तर कवडी बसून राहावी म्हणून. कवडी बसली तोवर भिंत नाही.

त्यांना रागही आला, हसूही आलं, आणि त्याहून जास्त असं काही तरी आलं की डोळ्यांपुढचं अंगण धूसर झालं. दिवाळीपासून मी झुरतेय, आणि हा माणूस अंडी वाहतोय. तोंडानं एक शब्द बोलायचं सोडून.

"अक्का, तू धाडली व्हती का न्हाई?" आप्पारावनं विचारलं.

"मीच धाडली," छबुबाई म्हणाल्या.

अर्जुनरावांनी मान वर केली.

"आन् दिंद्रुडची अंडी?"

"ती बी मीच सांगितली आनायला. कोंबडीखाली काय तरी ठेवावं लागतं, रिकामी बसत नसती ती. माळकरी मानसानं अंडं उचललं म्हनून माळ बाटत न्हाई. खाल्ल्यावर बाटती."

"मग सकाळी आमच्यावर आळ कावून घातला?" सत्यशीला म्हणाली.

"म्हातारी झाले, इसरले," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं. दोघींची बी माफी मागते. आता आधी पिल्लं बगू दे."

त्या झोळी घेऊन आत गेल्या आणि मागोमाग सगळंच घर मधल्या खोलीत आलं. कोपऱ्यात अंधार होता. कवडीनं चिवचिव ऐकली आणि तिची मान ताठ झाली. इतके दिवस मुकी बसलेली ती कोंबडी घशातल्या घशात बोलायला लागली. छबुबाईंनी एक हात तिच्यापुढं धरला, तिला टोचू दिलं, आणि दुसऱ्या हातानं बाजारातली अंडी एकेक काढून मागं दिली. मागं कोण आहे हे त्या बघत नव्हत्या. अंडी सत्यशीला घेत होती आणि प्रियदर्शनीच्या ओंजळीत ठेवत होती. अंडं निघालं की तिथं पिल्लू सरकवायचं. पहिलं पिल्लू आत गेलं तेव्हा सगळे पुढं सरकले, कारण कोंबडी परकी पिल्लं टोचून मारतेही. कवडीनं वाकून बघितलं, जरा वेळ तशीच राहिली, आणि पंख उचलला. बाकीची पिल्लं मग आपणच घुसली.

"घेतली बाई," मंजुळाबाई म्हणाली.

"मग आता," दारातून बंकटचा आवाज आला, "पिल्लं निघालीच म्हनायची. डालगं हालवायला हरकत न्हाई. घालू का दोरी?"

बोलायचं तर अर्जुनरावांनी, पण ते भिंतीला टेकून नुसते उभे होते. छबुबाईंना कळलं की हा माणूस आताही बोलणार नाही. चार माणसांत दिलेला शब्द तो मोडणार नाही, अंडी मात्र वाहील, आणखी कितीही. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"घाल दोरी," त्या म्हणाल्या. "भितीला माजी ना न्हाई. पोरांना येगळं ऱ्हायचंय, ऱ्हाऊ द्या. पन मी ह्यांच्यापसून येगळी ऱ्हानार न्हाई. ह्या अंगाला म्हना न्हाईतर त्या अंगाला, आमी दोघं एका अंगाला. हे मी दिवाळीतच म्हनायला पायजे व्हतं. तवा बरं म्हनले, ते मला बरं वाटलं म्हनून न्हाई."

नवऱ्याच्या निवाड्याला चारचौघांत फाटा देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"आई, मी दादाला तेच म्हणणार होतो मघाशी," शिवशंकर पुटपुटला. "आण्णांनीच ठरवलं म्हणून गप्प बसलो. आम्हाला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय."

"आमाला बी तसंच वाटलं," हनुमान म्हणाला. त्याला बापाकडं बघवेना.

"दाजी," आप्पाराव म्हणाला, "वाटणी तुमी केलीया. तुमीच सांगा आता."

अर्जुनराव काठी टेकत पुढं आले. जमिनीवरची दिवाळीतली रेघ अजून पुसट दिसत होती. त्यांनी ती काठीनं दाखवली. "बंकट, ही रेघ चुकली," ते म्हणाले. "एक भित न्हाई, दोन पायजेत. एक हिकडून, एक तिकडून. ही मधली खोली आमच्या दोघांची. दार दोन्हीकडं ठिवायचं."

बंकटनं वर बघून मनातल्या मनात हिशेब केला. "दोन भितींना हेवढ्या इटा पुरायच्या न्हाईत, आण्णा. आनखी मागवाव्या लागत्याल. आन् परवा पौष लागतोय."

"मग संक्रांतीमागं बगू," हनुमान पटकन म्हणाला, आणि शिवशंकरनं लगेच मान हलवली. प्रियदर्शनी ओंजळीतली अंडी घेऊन तशीच उभी होती. "ताई, यांचं काय करायचं?" तिनं विचारलं. "टाक उकिरड्यावर," सत्यशीला म्हणाली, "चल, मी येते संगं, फुटली तर वास सुटंल." आप्पारावनं आता चहा मागितला.

दिवस कलला तेव्हा माणसं पांगली होती. पलीकडं सत्यशीलानं चूल पेटवली आणि पाठभिंत हळूहळू तापायला लागली. छबुबाई हळदीची वाटी घेऊन डालग्याजवळ बसल्या. अर्जुनराव न बोलावताच येऊन शेजारी टेकले आणि त्यांनी हात पुढं केला. छबुबाईंनी फडकं सोडलं.

"बाभळीचा काटा म्हनं."

"लई वंगाळ टोचती तुजी कोंबडी."

"मला सांगायला काय झालं व्हतं?"

"पंच म्हनून बसलो व्हतो. बोलून गेलो. मागं घ्यायला जीभ रेटंना."

छबुबाई जखमांवर हळद दाबत होत्या, जरा जास्तच जोरानं. "आन् आनायची तर गावरान तरी आनायची. हाडं राहिली बगा बिचारीची बसून बसून. बाजारातली अंडी उबत न्हाईत, येवढं बी ठाऊक न्हाई तुमाला?"

"ठाऊक व्हतं की," अर्जुनराव म्हणाले. "उबली आसती तर ती उठली नसती का."